लगबग मार्ग

प्रिय खारूताई,

पत्राची सुरुवात तक्रारीने करू नये, हा शिष्टाचार मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. तरीही आज तक्रारीनेच सुरुवात करतोय, कारण प्रकरण गंभीर आहे. तुझ्या पत्रात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 'कीडा' लिहिलेलं आहे. कीडा महोत्सव, कीडा समिती, कीडानगरी. मी दोनदा चष्मा पुसला. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मोठ्या कचेरीत, एवढ्या मोठ्या हुद्द्यावर बसून तू झुरळांच्या आणि नाकतोड्यांच्या स्पर्धा भरवते आहेस, असा माझा काही वेळ समज झाला होता. 'क्रीडा'तल्या 'क'च्या पायाशी एक बारीक तिरकी रेघ असते, बये. तुला अक्षरं गिरवायला शिकवताना मी तिला काठी म्हणायचो. 'क' म्हातारा झालाय, त्याला काठी दे, म्हणजे तो 'क्र' होईल आणि खेळायला जाईल. तू तेव्हा काठी देताना पाटी फोडायचीस. आता पदवी, पगार, परदेशवाऱ्या सगळं मिळवलंस आणि म्हाताऱ्याची काठी तेवढी काढून घेतलीस. तुझी वहिनी म्हणते, "अहो, ती घाईत असेल, तुम्ही लगेच लाल पेन काढता." असेल. पण काठी काढली की शब्द कोसळतो, हे घाईतल्या माणसालाही कळलं पाहिजे.

दुसरी तक्रार लहान आहे. तू विचारलं आहेस, "दादा, तुमचं शहर स्पर्धा भरवून काय काय शिकलं, ते मुद्देसूद लिहून पाठव, आमच्या अहवालात घालते." तुमचं शहर. वाचून मी इकडेतिकडे पाहिलं, कोणाचं म्हणून. असो. तुझ्या पत्रात आणखीही एक वाक्य होतं, शेवटी, 'ता. क.'च्याही खाली, दाराआडून डोकावल्यासारखं: तुमच्या स्पर्धा पार पडेपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षाअखेरपर्यंत, तुला घरी येणं जमेलसं वाटत नाही. त्या वाक्याकडे मी शेवटी येतो. आधी मुद्दे. मात्र मला मुद्देसूद लिहिता येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मला गोष्ट सांगता येते. मुद्दे तू काढ, तुला त्याचा पगार मिळतो.

तुला आठवतं का, आपल्या वाट्याला स्पर्धा आल्याचं कळलं तेव्हा शहराचं काय झालं होतं? घरात पहिल्यांदाच लग्न ठरल्यासारखं. जो तो भिंतीला चुना लावत होता. बायपासच्या पलीकडे ते मोठं क्रीडांगण उभं राहिलं, त्याला पाहायला लोक सहकुटुंब जायचे. धावणं, उड्या, फेक, सगळं तिकडे होणार होतं, आणि आपल्या जुन्या वस्तीला काय आलं, तर चालण्याची शर्यत. बेकरी, कोर्ट, छापखाना, सूतिकागृह आणि आपली गल्ली यांना वळसा घालणारा रस्त्याचा फेरा, आणि त्यावरून माणसं पुन्हा पुन्हा चालणार. बेकरीवाला म्हणाला होता, "चालायचं? मग त्यात स्पर्धा कसली? मी रोज दुकानात चालत येतो, मला कोणी टाळ्या वाजवत नाही."

त्याच सुमारास समितीने मला पाचारण केलं. शर्यतीला भारदस्त शब्द हवा होता, आणि शहरात संस्कृत येणारा निरुद्योगी म्हणून माझं नाव निघालं. मी विचारपूर्वक शब्द दिला: द्रुतपदक्रमण. अजूनही तो मला वाईट वाटत नाही. पण पाटी रंगवणाऱ्याला तो जरा तोकडा वाटला असावा. त्याने त्यात पदरचा एक काना घातला आणि फेऱ्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या लागल्या, 'द्रुतपदाक्रमण मार्ग'. झालं. कोर्टासमोरच्या वकीलसाहेबांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोट चढवला आणि आक्रमण नक्की कोणाचं होणार आहे, अशी लेखी विचारणा केली. बेकरीवाल्याने त्या दिवशी शटर ओढायचं की नाही ते विचारलं. मी घरी येऊन जेवायच्या टेबलापाशी शब्दाची फोड करून सांगत होतो: द्रुत म्हणजे वेगाने, पद म्हणजे पाऊल. आईने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आदळला आणि म्हणाली, "म्हणजे लगबग. सरळ लगबग म्हण की. मी जन्मभर तेच केलं, मला काय कोणी पदक देणार आहे?"

तू तो शब्द बाहेर नेलास, मला पक्कं माहीत आहे. तुम्हा कॉलेजच्या स्वयंसेवकांना ते गुडघ्यापर्यंत येणारे टी-शर्ट दिले होते, ते घालून तुम्ही गावभर 'लगबग, लगबग' करत फिरलात. आठवड्यात माझा समास मेला. आज त्या फेऱ्याला लहानथोर सगळे लगबग मार्गच म्हणतात. रिक्षावाल्याला 'द्रुतपदक्रमण' सांगितलं तर तो दवाखान्यात नेऊन सोडेल. तर हा तुझा पहिला मुद्दा घे: पाहुणे यायच्या आधी शब्दांचं काम संस्कृतच्या मास्तराकडे देऊ नये, ज्याचे पाय दुखतात त्याला विचारावं.

कारण आईची ती लगबग खरीच होती. तुला वॉर्डातले ते दिवस नीट आठवणार नाहीत, तू फार लहान होतीस. शाळा सुटली की मी तुला घेऊन सूतिकागृहाच्या बाकावर बसायचो, तिथे नर्स असलेल्या आईची पाळी संपायची वाट बघत. तो लांब बोळ, फिनेलचा वास, आणि टोकाकडून येणारी आई. मी एकदा तिला विचारलं होतं की एवढी घाई असते तर तू पळत का नाहीस? तर म्हणाली, "वॉर्डात नर्सने पळायचं नसतं रे. नर्स पळाली की खाटेखाटेवरच्या बाईला वाटतं, कोणाचं तरी काहीतरी झालं. चालायचं. पण असं चालायचं की पळणारा मागे पडावा." आणि ती तशीच चालायची. ताठ गुडघा, कंबरेतून झोका, टाचेचा टप टप टप असा एकसारखा आवाज. घरीही तसंच. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून माडीवर. झोपेतून जाग आली की आधी तो आवाज यायचा आणि मग उजेड.

आणि मग शर्यतीच्या त्या परदेशी पंचबाई आपल्याकडे उतरल्या. शहरात हॉटेलं पुरेनात म्हणून घरोघर खोल्या मागितल्या होत्या, आईने कोणालाही न विचारता तुझी खोली देऊन टाकली आणि तुझं अंथरूण माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी आलं. तू आठवडाभर घोरून माझ्या ग्रंथांना उपद्रव दिलास. पंचबाई उंच, वाळलेल्या, बोलायला मोजक्या. जे बोलायच्या ते तूच आम्हाला आपल्या भाषेत सांगायचीस, आणि मला संशय आहे की निम्मं पदरचं घालायचीस. त्यांची एक खोड मात्र भाषांतराशिवाय कळायची: त्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. पायाकडे बघत. मी दारात स्वागताचं छोटंसं भाषण केलं, तर त्या माझ्या चपलांना उद्देशून हसल्या. त्यांचं कामच ते. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, दोन्ही सुटले की पळणं झालं. आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात वाकता कामा नये. चूक होतेय असं वाटलं की आधी पिवळी पाटी दाखवून सावध करायचं. खरंच चूक झाली तर तांबडी चिठ्ठी. पण एकट्या पंचाला कोणाला बाद करता येत नाही; वेगवेगळ्या तीन पंचांनी आपापल्या डोळ्यांनी चूक पाहिली तरच माणूस बाहेर. हे ऐकून तुझी वहिनी म्हणाली होती, "बरंय, आमच्याकडे एकट्या सासूबाई पुरतात." आई स्वयंपाकघरातून माडीकडे गेली आणि पंचबाईंची मान तिच्या पायांबरोबर वळत वळत गेली. मग त्या तुला काहीतरी म्हणाल्या आणि तू खिदळत सांगितलंस की आईच्या चालण्यात त्यांना काहीही खोट काढता येत नाही. आई एवढी लाजली की दोन दिवस पंचबाईंना अंड्याची दोन-दोन ऑम्लेटं मिळाली.

शर्यतीचा दिवस मी तुला काय सांगायचा. तू कोपऱ्यावर पाण्याच्या पेल्यांच्या टेबलामागे होतीस. आधी आठवडाभर सराव बघून गाव पोट धरधरून हसलं होतं. कंबर हलवत चालणाऱ्या त्या दांडग्या माणसांची नक्कल पोरं तर करायचीच, पण वकीलसाहेबांनाही मी ती त्यांच्या आवारात करताना पाहिलं आहे. त्या सकाळी मात्र हसू एकाएकी बंद झालं. जवळून पाहिलं की कळतं, ती थट्टेची गोष्ट नाही. पळावंसं वाटत असताना न पळणं. अंगातला प्रत्येक स्नायू 'सूट' म्हणत असताना पाय जमिनीला धरून ठेवणं. आणि त्यात आपला पोस्टमनचा मुलगा पुढे होता. आपल्या गल्लीतला, वडिलांची सायकल ढकलत मोठा झालेला तो मुलगा शेवटच्या फेऱ्यात सगळ्यांच्या पुढे होता. गॅलऱ्या वाकल्या होत्या. आणि आपल्याच कोपऱ्यावर, आपल्याच पाहुणीने त्याच्या पायांकडे पाहिलं, खाली मान घालून तांबडी चिठ्ठी लिहिली. ती तिसरी होती. बेकरीपाशी मुख्य पंचांनी त्याच्यासमोर तांबडी पाटी धरली.

"अहो, तो पुढे आहे ना!" बेकरीवाला ओरडला होता ते अजून माझ्या कानात आहे. पुढे असूनही माणूस बाद होतो, हे आपल्या शहराला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत गल्लीने आपल्याशी बोलणं टाकलं. वहिनी पाव आणायला गेली तर बेकरीवाला म्हणाला, पाव संपले. मग आई निघाली. तिची ती चाल सगळी गल्ली ओळखायची. ती आली की लोक वाट देत. काचेच्या कपाटासमोर उभी राहून ती म्हणाली, "संपलेत ना? मग हे आत काय ठेवलंयस, फोटो?" बेकरीवाला फडक्याने काच पुसायला लागला. "तिने पाय पाहिले. तोंड पाहिलं असतं तर सोडला असता तिनेही. दे चार पाव, आणि उद्यापासून वाकडं तोंड करायचं असेल तर माझ्याकडे बघून कर. तुझ्या जन्माच्या वेळीही तू असंच केलं होतंस." निम्म्या गल्लीला तिनेच पहिल्यांदा उलटं धरलेलं.

दिवेलागणीला तो मुलगा स्वतःच आला. आपल्या पायरीवर बसला. पंचबाई बाहेर आल्या, त्याच्या शेजारी बसल्या, तू मध्ये. त्याने एकच विचारलं, कुठला पाय? तू त्यांचं उत्तर सांगितलंस: उजवा, दमल्यावर. तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "मला माहीत होतं." आत आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "असतंच माहीत. पाय ज्याचा, त्याला आधी कळतं. सांगत नाही एवढंच." हे वाक्य लक्षात ठेव. मला ते परवा पुन्हा आठवलं.

बाकी तुझ्या अहवालासाठी: मोठ्या क्रीडांगणात आता लोक मोटार शिकतात. तळ्याएवढ्या पोहण्याच्या टाकीत बेडूक आहेत, त्यांना मात्र ती फार आवडते. कीडानगरी म्हणशील तर तीच. पण या शर्यतीसाठी फेऱ्याचे पदपथ सपाट केले होते, दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या छाटल्या होत्या, ते मात्र टिकलं. त्याला कारण म्हणजे लोक तिथे चालायला लागले. सकाळी आधी आई, तिच्यामागे निवृत्त वकीलसाहेब, मग बाळंतपण झालेल्या लेकीसुना. एखाद्या दुकानदाराने पायरी पुढे सरकवली की आई तिथे उभी राहून पंचबाईंनी जाताना भेट दिलेली पिवळी पाटी दाखवायची. ती पाटी ती पिशवीत घेऊनच निघत असे. घरीही वापरते. मी जेवताना तीन वाक्यांपेक्षा लांब बोललो की वर होते. तर घे तुझा दुसरा मुद्दा: उंच बांधलेलं ओस पडतं, सपाट केलेलं राहतं. तिसरा मुद्दा मी अहवालासाठी लिहीत नाहीये. पाहुणे येतात, कौतुक करतात, आणि जाताना घरातलं एखादं माणूस नेतात. पंचबाईंनी तुझं काम पाहिलं, शिफारस केली, आणि तू गेलीस. जायलाच हवं होतं. खार किती दिवस आपल्याच कुंपणाच्या भिंतीवरून पळणार? तो मुलगा राहिला, वडिलांच्या जागी लागला. हे पत्र उद्या तोच घेऊन जाईल. त्याचा उजवा पाय आता अगदी जमिनीवर असतो.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो.

गेल्या महिन्यात आई म्हणाली की लगबग मार्गावर चालण्यात आता राम राहिला नाही, फरशा वर-खाली झाल्यात, पाय अडकतो. तिने सकाळचं जाणं बंद केलं. माझ्यातला जागरूक नागरिक उसळला. मी नगरपालिकेला असा काही खलिता धाडला की वकीलसाहेबांनी त्याची प्रत मागून घेतली. ओव्हरसियर बिचारा स्वतः आला, सपाटी तपासायची पाणसळ घेऊन. आम्ही दोघं बेकरीपासून आपल्या दारापर्यंत वाकत वाकत गेलो. तो जागोजाग पाणसळ ठेवायचा आणि मला बुडबुडा दाखवायचा. बुडबुडा प्रत्येक ठिकाणी बरोबर मध्ये होता. शेवटी तो म्हणाला, "सर, रस्ता एकदम ठीक आहे." मी त्याचे आभार मानले. मला त्याच्याशी वाद घालायचा होता, आणि घालायला काहीच नव्हतं.

घरी येऊन मी पंचबाईंसारखा बसलो, तोंडाकडे न बघता. आई स्वयंपाकघरातून अंगणात जात होती. उजवा पाय उचलला जात नाही, खारूताई. ओढला जातो. टाचेचा आवाज एकाचाच येतो, दुसऱ्याचा नुसता घासल्यासारखा. मध्ये ती भिंतीला हात लावते आणि तिथे काही पुसायचं होतं असं दाखवते. रात्री वहिनीला मी काही बोललो नाही, तर तीच म्हणाली, "तुम्हीही पाहिलंत ना?" डॉक्टरचं नाव काढलं की आई म्हणते, मला शिकवू नका, मी वॉर्डात आयुष्य काढलंय. म्हणजे तिला कळलेलं आहे. आमच्या आधी कळलेलं आहे. मी कोपऱ्यात एक काठी आणून उभी केली, तर तिने तिच्यावर पायपुसणं वाळत घातलं. परवा मी जेवताना मुद्दाम फार लांब बोललो. पिवळी पाटी खुंटीवरच राहिली. खुंटीपर्यंत चार पावलं आहेत.

तर दोन पंचांनी पाहिलं आहे. नियमाप्रमाणे दोघांचं चालत नाही. तू ये. तुझं ती ऐकते, डॉक्टरकडे नेलंस तर तुझ्याबरोबर निघेलही. आणि त्याआधी तू नुसती बस, तिच्या पायांकडे बघ, आणि मला म्हण की दादा, तुझं आपलं काहीतरीच. मी आयुष्यात पहिल्यांदा तुझी चूक काढणार नाही. पुढच्या वर्षाअखेरीचं मला सांगू नकोस. मला भीती वाटते. सकाळी जाग येते आणि आवाज येत नाही. मी पडून राहतो आणि वाट बघतो. घर फार सावकाश झालंय गं.

तुझाच,
दादा